लाल टेस्टसमोर बसताना

पडद्यावर लाल ओळ आली आहे. तुमच्या जावा प्रोग्रॅमची एक टेस्ट नापास झाली. तुमच्या लॅपटॉपवर हीच टेस्ट हिरवी होती. बिल्ड सर्व्हरवर गेली आणि पडली. कोड तोच, टेस्ट तीच. तुमच्याकडे विंडोज, तिकडे लिनक्स, एवढाच काय तो फरक.

हात आपोआप कीबोर्डकडे जातो. पुन्हा एकदा चालवून बघू, म्हणतो. त्याला जरा आवरा. खुर्चीत नीट बसा, पाठ टेकवा. पुढची पंधरा-वीस मिनिटं काहीही दुरुस्त करायचं नाही, नुसतं बघायचं आहे.

घाईत सुचणारे उपाय ठरलेले असतात. टेस्ट पुन्हा चालवायची. मध्ये दोन सेकंद थांबायची सूचना घालायची. नाहीच जमलं तर तिच्या डोक्यावर ‘डिसेबल्ड’ची खूण लावून मोकळं व्हायचं. या तिन्ही उपायांनी लाल रंग जातो आणि कारण जिथल्या तिथे राहतं. पुढे कधीतरी तेच कारण एखाद्या ग्राहकाच्या मशिनवर डोकं वर काढतं. तिथे लाल ओळ नसते, टेस्टचं नाव नसतं. नुसती तक्रार असते.

आता मनात उठणारं पहिलं वाक्य ऐका. ‘माझ्याकडे तर चालतंय.’ ते दाबू नका, त्याच्यावर चिडूही नका. वाक्य खरंच आहे. फक्त ते कोणाविषयी आहे, एवढं तपासा. प्रोग्रॅमविषयी ते फारसं काही सांगत नाही. ‘माझ्याकडे’ या शब्दात तुमच्या विंडोजची आवृत्ती आहे, तुम्ही निवडलेली भाषा आहे, भारतीय वेळ आहे, सी ड्राइव्ह आहे, वर्षानुवर्षं साठलेल्या सेटिंग्ज आहेत. प्रोग्रॅम या सगळ्यांच्या आधारानं उभा होता. तो आधार कुठे कुठे होता, हे आज प्रथमच दिसणार आहे.

थोडं मागे जाऊ. सन मायक्रोसिस्टिम्सनं १९९५ मध्ये जावा भाषा लोकांसमोर आणली तेव्हा तिचं ब्रीद होतं: एकदा लिहा, कुठेही चालवा. ते पोकळ नव्हतं. जावाचा प्रोग्रॅम थेट प्रोसेसरच्या भाषेत उतरत नाही; तो बाइटकोडमध्ये उतरतो, आणि प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमवरचं जावा व्हर्च्युअल मशीन तो बाइटकोड चालवतं. त्यामुळे ‘इंट’ प्रकारची संख्या सगळीकडे ३२ बिटांचीच असते. सी भाषेत अशी हमी नव्हती. गणित, तर्क, वस्तूंची रचना, हे सगळं विंडोजवर आणि लिनक्सवर सारखंच वागतं.

पण प्रोग्रॅम नुसता गणित करत बसत नाही. तो फाइल उघडतो, ओळ छापतो, तारीख विचारतो, नाव वाचतो. असं करताना तो व्हर्च्युअल मशीनच्या कुंपणाबाहेर हात घालतो आणि बाहेर ऑपरेटिंग सिस्टिम उभी असते. ‘ही फाइल कोणत्या लिपिसंकेतात वाचू?’ ‘ओळ कशी संपवू?’ ‘आज काय तारीख?’ या प्रश्नांची उत्तरं तुम्ही कोडमध्ये दिली असतील, तर जावा ती पाळतो. दिली नसतील, तर तो यजमान मशीनला विचारतो.

या वाक्यापाशी जरा रेंगाळा. जे तुम्ही सांगितलं नाही, ते मशीन तुमच्या वतीनं ठरवतं. आजच्या लाल ओळीमागे बहुधा असा एखादा न सांगितलेला निर्णय आहे. आपल्याला तो शोधायचा आहे.

सुरुवात अगदी छोट्या गोष्टीपासून करू. समजा, या वेळी विंडोजवर पडलेली टेस्ट असं म्हणते: अपेक्षित ‘नमस्कार’, मिळालं ‘नमस्कार’. टेस्ट चालवणारं टूल, जेयूनिट, दोन्ही शब्द कोनी कंसांत एकाखाली एक दाखवतं आणि म्हणतं, हे दोन सारखे नाहीत. तुम्ही पुन्हा पाहता. न, म, स्का, र. काना-मात्रेचाही फरक नाही. अशा वेळी टूललाच वेड लागलं असं वाटणं साहजिक आहे. डोळ्यांवर जरा अविश्वास दाखवा आणि लांबी मोजा. जावाच्या हिशेबानं ‘नमस्कार’ या शब्दाची लांबी सात आहे: न, म, स, हलन्त, क, काना, र. त्यापुढे ओळ संपल्याचं चिन्ह एक असेल तर आठ. तुम्हाला मिळालेली लांबी मात्र नऊ आहे. जास्तीचं एक चिन्ह आहे, आणि ते दिसणारं नाही.

ते कुठून आलं? टेलिप्रिंटरच्या काळातून. त्या यंत्रात ओळ संपली की दोन हालचाली लागत: छापणारा गाडा डावीकडे परत न्यायचा आणि कागद एक ओळ वर सरकवायचा. दोन हालचालींना दोन चिन्हं होती. युनिक्सनं ओळ संपवायला एकच चिन्ह पुरेसं मानलं. लिनक्स आणि आजचा मॅक तीच वाट चालतात. डॉसनं दोन्ही चिन्हं ठेवली, आणि विंडोजकडे ती वारशानं आली. जुन्या मॅकची तऱ्हा आणखी वेगळी होती; तिथे फक्त गाडा परत नेण्याचं चिन्ह चाले. जुन्या यंत्राची ती हालचाल आज तुमच्या टेस्टमध्ये नववं चिन्ह होऊन बसली आहे.

आता आपल्याच कोडकडे पाहा. जावा १५ पासून, म्हणजे २०२० पासून, तीन अवतरणचिन्हांमधला टेक्स्ट ब्लॉक लिहिता येतो. त्यात ओळी कोणत्याही मशिनवर एकाच चिन्हानं संपतात, असा भाषेचा नियम आहे. ‘प्रिंटएलएन’ मात्र यजमान मशीनच्या रिवाजानं ओळ संपवतं. अपेक्षित मजकूर टेक्स्ट ब्लॉकमध्ये लिहिला आणि प्रत्यक्ष मजकूर ‘प्रिंटएलएन’नं तयार झाला, तर लिनक्सवर दोघं जुळतात आणि विंडोजवर जुळत नाहीत. दोन्ही ओळी तुम्हीच लिहिल्या होत्या, आणि त्या दोन वेगळ्या नियमांनी चालतात हे कोडमध्ये कुठेच दिसत नव्हतं.

गिटचाही यात हात असतो. विंडोजवर गिट बसवताना सहसा जो पर्याय स्वीकारला जातो, तो फाइल उतरवून घेताना ओळींची टोकं विंडोजच्या पद्धतीची करतो. म्हणजे तुलनेसाठी जपून ठेवलेली नमुना फाइलच दोन मशिनवर दोन रूपांत उतरते. गिटअ‍ॅट्रिब्यूट्स फाइलमध्ये त्या प्रकारच्या फाइलींसाठी एक ओळ लिहिली की हा प्रश्न सुटतो. पण ती ओळ नंतर लिहू. आत्ता फक्त नोंद करा: ओळ कशी संपते, हे आपण सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या जागेकडे वळू. ही मराठी माणसाच्या जास्त जवळची आहे.

तोच शब्द यूटीएफ-८ या लिपिसंकेतात फाइलमध्ये ठेवा. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, म्हणून सात चिन्हांचे एकवीस बाइट होतात. आता हीच फाइल जावाच्या १८ च्या आधीच्या आवृत्तीत, नुसत्या ‘फाइलरीडर’नं, विंडोजवर उघडा. लिपिसंकेत कोणता, ते तुम्ही सांगितलेलं नाही. विंडोज बहुतेक वेळा १२५२ हा पश्चिम युरोपीय लिप्यांसाठीचा तक्ता पुढे करतं. त्या तक्त्यात एक बाइट म्हणजे एक अक्षर. त्यामुळे सातच्या जागी एकवीस चिन्हं येतात: डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए, मग चलनाचं एक गोल चिन्ह, मग आणखी काही, आणि पुन्हा पहिल्यापासून. बँकेच्या संदेशात किंवा एखाद्या जुन्या ईमेलमध्ये ही रांगोळी आपण सगळ्यांनी पाहिली आहे.

त्या एकवीस चिन्हांत स्का या जोडाक्षराचा हलन्त शोधा. यूटीएफ-८ मध्ये त्याचा तिसरा बाइट आहे सोळाच्या पायातला ८डी. १२५२ च्या तक्त्यात या क्रमांकाची जागा रिकामी आहे. तिथे कोणतंच अक्षर नाही. जावा त्या जागी ‘ओळख पटली नाही’ असं सांगणारं बदली चिन्ह ठेवतो. बाकीची चिन्हं चुकीची दिसली तरी त्यांतून मूळ बाइट परत काढता येतात. हलन्ताचा बाइट मात्र कायमचा गेला. प्रोग्रॅमनं हा मजकूर वाचून पुन्हा फाइलमध्ये लिहिला, तर मूळ शब्द कोणालाही परत मिळणार नाही. लाल टेस्टनं तुम्हाला याच ठिकाणी अडवलं आहे. ती नसती, तर ग्राहकाच्या डेटाबेसमधली जोडाक्षरं निमूटपणे तुटत राहिली असती.

जावाच्या कारभाऱ्यांनाही हा गोंधळ माहीत होता. ‘फाइल्स’ या वर्गातल्या वाचणाऱ्या पद्धती काही न सांगता यूटीएफ-८ धरत, आणि ‘फाइलरीडर’ यजमानाला विचारत असे. एकाच भाषेच्या दोन दारांवर दोन रिवाज. मार्च २०२२ मध्ये आलेल्या जावा १८ नं यूटीएफ-८ हाच सगळीकडे मूळ संकेत ठरवला. तरी कन्सोलवर छापताना अजूनही कन्सोलचा संकेत चालतो, आणि जुन्या जावावर चालणारे प्रकल्प काही थोडेथोडके नाहीत. म्हणून जुनी शिस्तच बरी: जिथे बाइटचं अक्षर होतं आणि अक्षराचा बाइट होतो, तिथे प्रत्येक ठिकाणी लिपिसंकेताचं नाव लिहायचं.

डोळ्यांना आता थोडी सवय झाली असेल. पुढच्या काही जागा भराभर पाहून घेऊ.

फाइलचं नाव. विंडोजच्या आणि मॅकच्या नेहमीच्या डिस्कवर रोमन लिपीतलं लहान अक्षर आणि मोठं अक्षर हा भेद फाइल शोधताना मानला जात नाही. लिनक्सवर मानला जातो. फाइलच्या नावातला पहिला डी मोठा आहे आणि कोडमध्ये तुम्ही लहान लिहिला आहे, तर लिनक्सवर फाइल सापडणार नाही. विंडोजवरही तीच फाइल जारमध्ये बंद केली की सापडत नाही, कारण जारच्या आत लहान-मोठं पाहिलं जातं.

पाथ. रिसोर्सचा पत्ता मागितला की जावा यूआरएल देतो. विंडोजवर त्याची सुरुवात तिरक्या रेघेनं होते, मग सी, मग विसर्गासारखी दोन टिंबं. तो पत्ता कापून थेट ‘पाथ’ बनवायला गेलात तर जावा त्या टिंबांवर बोट ठेवतो आणि म्हणतो, हे चिन्ह चालणार नाही. फोल्डरच्या नावात मोकळी जागा असेल तर तिच्याऐवजी टक्क्याचं चिन्ह आणि वीस दिसतात. यूआरएलचं आधी यूआरआय करून मग पाथ करावा, एवढाच यावरचा इलाज. रिपोर्टच्या नावात साडेदहाची वेळ दोन टिंबांसह घालणाऱ्यालाही विंडोज हेच सांगतं.

क्रम. फोल्डरमधल्या फाइली मागितल्या तर त्या कोणत्या क्रमानं येतील, याची जावा हमी देत नाही. विंडोजवर त्या सहसा नावाच्या क्रमानं येतात, म्हणून आपण क्रम आहे असं धरून चालतो. लिनक्सवर तोच क्रम विस्कटतो.

क्रमाची ही गोष्ट खुद्द टेस्टच्या टूलवरही बेतली आहे, आणि ती थोडी सावकाश पाहण्यासारखी आहे. केंट बेक आणि एरिक गामा यांनी १९९७ मध्ये झुरिकहून अटलांटाला जाणाऱ्या विमानात जेयूनिटची सुरुवात केली. एका वर्गातल्या टेस्ट कोणत्या क्रमानं चालवायच्या, हे टूल ठरवत नसे. जावाकडून पद्धतींची यादी मागायचं आणि ती मिळेल तशी चालवायचं. जावाच्या माहितीपत्रात पहिल्यापासून लिहिलेलं होतं की या यादीला ठरावीक क्रम नाही. प्रत्यक्षात मात्र यादी ज्या क्रमानं लिहिली, बहुधा त्याच क्रमानं येई. लोकांनी हळूहळू पहिल्या टेस्टमध्ये डेटा भरला आणि दुसऱ्या टेस्टमध्ये तो वापरला. २०११ मध्ये जावा ७ आला आणि यादीचा क्रम बदलू लागला. ज्या टेस्ट एकमेकींच्या खांद्यावर उभ्या होत्या, त्या कोसळल्या. २०१२ मध्ये जेयूनिट ४.११ नं ठरावीक क्रम दिला, पण तो मुद्दाम असा निवडला की लिहिलेल्या क्रमाशी त्याचा संबंध राहू नये.

पुढे जावा ९ नं ‘सेट.ऑफ’ आणि ‘मॅप.ऑफ’ आणले, तेव्हा कर्त्यांनी आणखी एक पाऊल टाकलं. त्या संचांतला क्रम प्रोग्रॅम नव्यानं सुरू झाला की बदलू शकतो, आणि ही योजना जाणूनबुजून केली आहे. ज्याची हमी नाही, त्यावर कोणी विसंबूच नये म्हणून ते आधीच हलवून ठेवलेलं असतं. आपल्या टेस्टकडे या नजरेनं एकदा पाहा. एखादी टेस्ट एकटी चालवली तर पास होते का? सगळ्या टेस्ट उलट क्रमानं चालवल्या तर? उत्तर लगेच देऊ नका. माहीत नसेल तर ती पहिली तपासणी म्हणून लिहून ठेवा.

आता एक अशी जागा पाहू, जिथे आपण विंडोजला नेहमी बोल लावतो. टेस्ट संपते, जेयूनिट तात्पुरतं फोल्डर पुसायला जातं आणि विंडोज म्हणतं, फाइल वापरात आहे, पुसता येणार नाही. लिनक्सवर हीच टेस्ट कधी कुरकुरली नव्हती. यात काय घडतं? घर भाड्यानं दिलेलं असताना लिनक्स दारावरची नावाची पाटी काढून घेतो आणि आतल्या भाडेकरूला तो जाईपर्यंत राहू देतो. विंडोज म्हणतं, आधी घर रिकामं करा, मग पाटी काढू. भाडेकरू म्हणजे तुमच्या कोडनं उघडून बंद न केलेली फाइल. ती लिनक्सवरही उघडीच होती. तिथे कोणी बोललं नाही, एवढंच. चालू सर्व्हरवर अशा उघड्या फाइली साठत गेल्या की एक दिवस नवी फाइल उघडायलाच परवानगी मिळत नाही. तेव्हा विंडोजवरच्या या लाल ओळीचा राग येत असेल, तर तो येऊ द्या आणि ओसरू द्या. मग ‘ट्राय’च्या कंसात फाइल उघडा, म्हणजे काम संपताच ती आपोआप बंद होईल.

आणखी एका जागी थांबू. माझ्या मते सगळ्यांत मोलाची जागा हीच.

एक साधी टेस्ट घ्या. बिलातल्या वस्तूंची संख्या छापायची: ‘स्ट्रिंग.फॉरमॅट’ला पंचवीस दिला, अपेक्षित मजकूर इंग्रजी आकड्यांतला पंचवीस. पुण्यात, बंगळुरूत, सर्व्हरवर, सगळीकडे हिरवी. मग कोणीतरी आपल्या संगणकाची भाषा मराठी ठेवतो, जावा ९ किंवा त्यापुढचा वापरतो आणि टेस्ट चालवतो. टेस्ट नापास होते. मिळालेलं उत्तर आहे २५, देवनागरीत.

इथे कोण चुकलं? मशीन अजिबात चुकलं नाही. जावा ९ पासून भाषा-प्रदेशाची माहिती युनिकोड संस्थेच्या सीएलडीआर या सामायिक साठ्यातून येते, आणि त्या साठ्यात मराठीचे मूळ आकडे देवनागरी आहेत. मराठी वाचकासाठी २५ हे बरोबर उत्तर आहे. गंमत म्हणजे ‘इंटिजर.पार्सइंट’ला २५ दिला, तर तो बिनतक्रार पंचवीस वाचतो. अडतं ते फक्त दोन मजकुरांची अक्षराला अक्षर तुलना करताना.

आता स्वतःला विचारा: हा आकडा कोणासाठी छापला? माणसानं वाचायचा असेल तर त्याच्या भाषेत यायला हवा, आणि टेस्टनंही त्या भाषेचं नाव घेऊन अपेक्षा मांडायला हवी. दुसऱ्या प्रोग्रॅमनं वाचायचा असेल, म्हणजे फाइलचं नाव, क्वेरी, जेसन, तर तो कोणत्याही माणसाच्या भाषेवर अवलंबून असता कामा नये, तिथे ‘लोकेल.रूट’ लिहायचं. टेस्ट लाल होईपर्यंत हा प्रश्न आपण स्वतःला विचारलेलाच नसतो. तुर्की भाषेच्या मशिनवर मोठा आय लहान केला की त्यावरचं टिंब जातं आणि शब्दच बदलतो, हा किस्सा जावाच्या वर्तुळात जुना आहे. २०२३ च्या मार्चमध्ये जावा २० आला, तेव्हा इंग्रजी वेळेतल्या एएम-पीएमच्या आधीची साधी मोकळी जागा बदलून एक अरुंद, न तुटणारी जागा आली, आणि वरवर सारख्या दिसणाऱ्या वेळा जुळेनाशा झाल्या. मराठीचा किस्सा आपल्या घरचा आहे, म्हणून तो जास्त लक्षात राहावा.

वेळेचंही तसंच. भारत जागतिक प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढे आहे, आणि सर्व्हर बहुधा प्रमाणवेळेवर असतो. टेस्टच्या एका बाजूला ‘एशिया/कोलकाता’ असं सांगून आजची तारीख काढली आणि दुसऱ्या बाजूला काहीच न सांगता काढली, तर ती टेस्ट सर्व्हरवर रोज आपल्या मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत लाल असते आणि उरलेला दिवस हिरवी. रात्री बिल्ड पडतो, सकाळी माणूस येऊन पुन्हा चालवतो, पास होतो, आणि ‘सर्व्हर कधीकधी असंच करतो’ अशी समजूत रूढ होते. सर्व्हर असंच काही करत नाही. टेस्टला घड्याळ बाहेरून द्या, एका क्षणाला थांबवलेलं घड्याळ जावा ८ पासून मिळतं, आणि ही समजूत मोडेल.

बघून झालं. आता हात कीबोर्डवर न्यायला हरकत नाही. पण पहिली कमांड दुरुस्तीची नको.

दोन्ही मशिनवर मेव्हनला, म्हणजे बिल्ड करणाऱ्या टूलला, त्याची आवृत्ती विचारा. चार-पाच ओळींचं उत्तर येतं: मेव्हनची आवृत्ती, जावाची आवृत्ती आणि तो कोणाकडून आलेला आहे, मूळ भाषा-प्रदेश, मूळ लिपिसंकेत, ऑपरेटिंग सिस्टिमचं नाव आणि प्रोसेसरची जात. दोन्ही उत्तरं शेजारी ठेवा आणि ओळीला ओळ लावून वाचा. ज्याला आपण ‘विंडोज आणि लिनक्सचा फरक’ म्हणत होतो, तो पुष्कळदा जावाच्या दोन आवृत्त्यांचा किंवा दोन भाषांचा फरक निघतो. ऑपरेटिंग सिस्टिम बिचारी उगाच बदनाम होते.

मग एका वेळी एकच फरक आपल्या मशिनवर आणा. भाषा मराठी करून टेस्ट चालवा. ती लाल झाली तर कारण सापडलं. नाही झाली तर भाषा पूर्ववत करा आणि टाइम झोन बदला. मग लिपिसंकेत. यात एक मेख आहे: मेव्हनचं शुअरफायर टेस्टसाठी वेगळं व्हर्च्युअल मशीन सुरू करतं, म्हणून हे बदल त्याच्या ‘आर्गलाइन’मध्ये द्यावे लागतात, नाहीतर ते सुरुवातीलाच पोचत नाहीत आणि आपण नुसतेच फसतो. दोन फरक एकदम आणण्याचा मोह होईल. तो टाळा. दोन गोष्टी बदलून टेस्ट हिरवी झाली, तर कोणत्या गोष्टीनं झाली ते कळत नाही, आणि आपण पुन्हा पहिल्या जागी येतो.

कधीकधी शेवटी असंही आढळेल की फरक खरोखरच ऑपरेटिंग सिस्टिमचा आहे आणि तो राहणारच. लिनक्सवरच्या फाइल-परवानग्या विंडोजवर त्या रूपात नाहीत. त्या मागितल्या तर जावा सरळ सांगतो की हे इथे जमत नाही. अशा टेस्टला ती कोणत्या सिस्टिमवर चालवायची, याची खूण जेयूनिट ५ मध्ये लावता येते. ती लावताना स्वतःला एवढंच विचारा: मी एक वस्तुस्थिती नोंदवतो आहे, की एक प्रश्न झाकतो आहे? उत्तर मनाला लगेच कळतं.

दुरुस्ती आता सहसा एका ओळीची उरते: लिपिसंकेताचं नाव, भाषेचं नाव, टाइम झोनचं नाव, एक सॉर्ट, एक नीट बंद केलेली फाइल. ती ओळ लिहा, आणि कमिटच्या संदेशात ‘टेस्ट दुरुस्त केली’ एवढंच लिहून थांबू नका. कोणती गोष्ट आपण सांगितली नव्हती आणि मशिननं आपल्या वतीनं काय ठरवलं होतं, हेही लिहा. पुढे त्या कोडवर काम करणाऱ्याला उपायापेक्षा कारणाची गरज जास्त असेल.

आणि जाता जाता एक काम. आज ज्या बिल्डमध्ये एकही लाल ओळ नाही, त्याचा लॉग वरपासून खालपर्यंत वाचा. अनेक प्रकल्पांत मेव्हन एक पिवळा इशारा छापत असतो: आपण या मशीनचाच लिपिसंकेत वापरतो आहोत, म्हणजे हा बिल्ड मशीनवर अवलंबून आहे. त्या वाक्याच्या शेवटी उद्गारचिन्हही आहे. पिवळ्या रंगानं कोणाचं काम अडत नाही, म्हणून ते कोणी वाचत नाही. पीओएम फाइलमध्ये सोर्स एन्कोडिंग यूटीएफ-८ असं एका ओळीत लिहिलं की तो इशारा जातो. तुमच्या प्रकल्पात तो दिसला, तर ही ओळ आजच लिहा.